मोतेत, स्तोत्रं आणि त्यांचे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात शिगमो (म्हणजे शिमगा) आणि करेज्म (ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ) साधारण एकाच सुमारास येतात. रस्त्यावर ढोल-ताशे आणि इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, व्हायोलिनच्या साथीने संथ चाललेले मोतेत. मी फोंड्याची, भजनी घरातली, आणि बरीच वर्षं एका गायकवृंदात आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभी राहते. त्यामुळे मराठी वाचणारे लोक मलाच विचारतात: हे शब्द कुठले, कोण कुणाला म्हणतंय, आणि एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात? मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. शब्द तोंडात घ्यायचे तर ते कळायला हवेत, एवढ्याच गरजेपोटी शोधत गेले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत.

१. मोतेत म्हणजे नेमकं काय? त्यातले शब्द बायबलमधलेच असतात का?

मोतेत म्हणजे बहुधा लॅटिन शब्दांवर बांधलेली, अनेक आवाजांत गायची छोटी भक्तिरचना. युरोपात सगळ्या सणांचे मोतेत आहेत. गोव्यात मात्र हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतो तो करेज्म आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाची गाणी. आपल्या गावोगावच्या मेस्तांनी, म्हणजे इगर्जीच्या संगीत-मास्तरांनी, ती रचली. दोन-तीन आवाज, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खाली डबल बास, म्हणजे जुन्या वादकांचा रेबेकांव. शब्द बहुतेक बायबलचे असतात, पण सगळेच नाहीत. अपवाद प्रश्न ९ मध्ये आहेत.

२. मला लॅटिन अजिबात येत नाही. अर्थ लावायला सुरुवात कुठून करू?

शब्दकोश नंतर काढा. आधी रचनेचे पहिले दोन-तीन शब्द घ्या, कारण तेच तिचं नाव असतं: 'मिसेरेरे मेइ', 'ओ वोस ओम्नेस', 'पोपुले मेउस'. त्यावरून बायबलमधला अध्याय आणि वचन सापडतं. मग मराठी बायबल उघडून ते वचनच नव्हे, तर त्याच्या मागचं-पुढचं पानभर वाचा.

यानंतर दोन प्रश्न विचारायचे. मूळ ठिकाणी हे कोण बोलतंय? आणि आज, या दिवशी, इगर्जीने ते कुणाच्या तोंडी घातलंय? बऱ्याचदा ही दोन माणसं वेगळी निघतात, आणि रचनेचा अर्थ त्या दोघांच्या मधल्या जागेत असतो. उदाहरणार्थ 'पोपुले मेउस': 'माझ्या लोकांनो, मी तुमचं काय केलं?' मीखाच्या सहाव्या अध्यायात हे देव इस्राएलला विचारतो, वादी कोर्टात उभा राहिल्यासारखा. गुड फ्रायडेला तेच शब्द क्रुसावरून ऐकू येतात. तक्रार तीच, पण आता तक्रार करणाऱ्याच्या हातांत खिळे आहेत.

३. पत्रिकेत 'स्तोत्र ५०' छापलंय, मराठी बायबलात ५० वेगळंच निघतं. कुणाची चूक?

कुणाचीच नाही. जुनं लॅटिन बायबल ग्रीक भाषांतराच्या क्रमांकांवर चालतं, आपलं मराठी बायबल हिब्रू क्रमांकांवर. ग्रीकमध्ये नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलंय, म्हणून तिथून पुढे लॅटिन आकडा एकाने मागे राहतो. १४७ वं स्तोत्र लॅटिनमध्ये दोन भागांत मोडलंय, त्यामुळे १४८ पासून हिशेब पुन्हा जुळतो. मधे ११३ ते ११६ च्या आसपास थोडा गोंधळ आहे, तिथे पहिली ओळ बघूनच खात्री करा. एरवी साधा नियम: लॅटिन आकड्यात एक मिळवा. 'मिसेरेरे' ('दया कर') लॅटिन ५०, मराठी ५१.

वचनांचे आकडेही एक-दोनने सरकतात, कारण काही आवृत्त्या स्तोत्राचं शीर्षक वचन म्हणून मोजतात. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत आम्हीच लॅटिन आकड्यापुढे मराठी ५० व्या स्तोत्राचा अर्थ छापला होता. लोक बिचारे देवाच्या दरबाराचं वर्णन वाचत पश्चात्तापाचं गाणं ऐकत बसले.

४. सांतोस पासोसच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूस वाहण्याच्या मिरवणुकीच्या, वेळी वेरोनिका कापड उलगडून गाते. ती ओळ तिची, ख्रिस्ताची, की मरियेची?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा, आणि माझा सगळ्यात आवडता.

आधी वेरोनिका. बायबलात ती नाही. क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा तिने पुसला आणि कापडावर चेहरा उमटला, ही नंतरची परंपरा. ती गाते ते 'ओ वोस ओम्नेस' मात्र बायबलातलं आहे, विलापगीत १:१२. 'वाटेने जाणाऱ्या सगळ्यांनो, थांबा आणि पाहा, माझ्या दुःखासारखं दुःख आहे का कुठे.' इथे बोलणारी व्यक्ती माणूस नाहीच, शहर आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं. कवीने त्या शहराला विधवा बाई केलं आणि ती वाटसरूंना हाक मारते आहे.

पवित्र आठवड्याच्या उपासनेने हीच हाक ख्रिस्ताच्या तोंडी दिली. पुढे ती दुःखी मातेच्याही तोंडी आली. वेरोनिका गाते तेव्हा तिसरा पदर चढतो: चेहरा कापडावर आहे, त्याला आवाज नाही, म्हणून ती स्वतःचा आवाज त्याला देते. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. दाढीवाले संत गवळणीत गोपी होऊन बोलतात तेव्हा 'मग हे नक्की कोण म्हणतंय?' असं आपण विचारत नाही. शहर, ख्रिस्त, आई, वेरोनिका यांपैकी एक खरा आणि बाकीचे खोटे असं नाही. ते एकमेकांच्या मागे उभे आहेत.

आता दोन बारकावे. एक: हिब्रूत या वचनाची सुरुवात इतकी अडखळती आहे की भाषांतरं फुटतात. लॅटिनने 'अहो तुम्ही सगळे' अशी हाक घेतली. जुन्या इंग्रजी बायबलने प्रश्न घेतला: 'तुम्हांला याचं काहीच नाही का?' पहिल्यात विनवणी आहे, दुसऱ्यात टोमणा. लॅटिन रचना गाताना टोमण्याचा सूर लावू नका, तो तिथे नाही.

दुसरा बारकावा: मूळ वचन पुढे चालू राहतं, आणि 'परमेश्वराने आपल्या संतापाच्या दिवशी मला दिलेलं दुःख' असं म्हणतं. मोतेतात हा भाग गाळलेला असतो. दुःख ठेवलं, देवाचा राग काढला. कुठे कापलं हाही अर्थ लावण्याचाच भाग, म्हणून प्रश्न २ मध्ये पानभर वाचा म्हटलं.

अठराव्या शतकातला संगीतकार हँडल याच्या 'मसाया' या वृंदगायनाच्या मोठ्या रचनेतही हे वचन आहे. तिथे शब्दसंकलन करणाऱ्या चार्ल्स जेनेन्सने 'माझं दुःख' बदलून 'त्याचं दुःख' केलं. एका सर्वनामाने गाणारा क्रुसावरून उतरून गर्दीत येऊन उभा राहिला.

५. विलापगीतं गाताना मधेच 'आलेफ, बेथ, गिमेल' का? त्याचा अर्थ काय?

अर्थ काही नाही, ती हिब्रू अक्षरं आहेत. विलापगीतातल्या पहिल्या चार कविता वर्णमालेवर बांधल्या आहेत: पहिलं कडवं पहिल्या अक्षराने सुरू, दुसरं दुसऱ्या, अशी बावीस. (तिसऱ्या कवितेत प्रत्येक अक्षराची तीन वचनं, म्हणून ती ६६ वचनांची. पाचवीत वचनं २२ च आहेत, पण वर्णक्रम नाही.) लॅटिनमध्ये तो क्रम टिकणं शक्य नव्हतं, म्हणून अक्षरांची नावंच कडव्यांच्या डोक्यावर ठेवली. संगीतकारांनी त्यांवर लांबलचक आलापी केली, आणि माझ्या कानाला बऱ्याच रचनांतला सगळ्यात सुंदर भाग तोच. शब्दाला अर्थ नसला की सूर मोकळा होतो, हे ख्याल ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

६. 'मिसेरेरे' ऐकून अंगावर काटा येतो, पण शब्द सगळे पापाचेच. दावीद राजाने एवढं काय केलं होतं?

स्तोत्र ५१ च्या शीर्षकातच ते आहे. दावीदाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला नेलं आणि तिचा नवरा उरीया लढाईत मरेल अशी व्यवस्था केली. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं, आणि मग हे स्तोत्र. निदान परंपरा तसं मानते.

आता अडचणीची ओळ: 'तिबि सोलि पेक्कावि', 'मी फक्त तुझाच अपराधी आहे.' वाचक विचारतात, फक्त देवाचा? आणि उरीया? प्रश्न रास्त आहे. नेहमीचं उत्तर असं की माणसाविरुद्ध केलेला अपराधही शेवटी देवापुढेच उभा राहतो. मला ते अर्धंच पटतं. मी ती ओळ अशा माणसाची ऐकते, ज्याला दुसऱ्या कुणाकडे क्षमा मागायची सोय उरलेली नाही. मेलेल्याकडे कशी मागणार?

दुसरी गाठ शेवटी आहे. आधी स्तोत्र म्हणतं की तुला बळी नको, मोडलेलं मन हवं. कर्मकांडाला असं धुडकावणं आपल्या संतांमुळे ओळखीचं आहे. पण शेवटची दोन वचनं यरुशलेमचे कोट बांध, मग वेदीवर गोऱ्हे चढतील, असं म्हणतात! अनेक अभ्यासकांच्या मते ही वचनं नंतर, शहर पडल्यावर जोडली गेली. गाताना मात्र ती गाळायची नसतात. रोमच्या सिस्टिन चॅपेलसाठी आलेग्रीने १६३० च्या दशकात केलेली प्रसिद्ध रचना गोऱ्ह्यांवरच संपते, दोन्ही वृंद एकत्र येऊन. (चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये ऐकून उतरवली ती हीच. तिच्यातला तो आभाळाला टेकणारा सूर मात्र आलेग्रीचा नाही, नंतर शिरलेला आहे.)

७. संगीतच अर्थ सांगत नाही का? आणि मग आपले मोतेत इतक्या दुःखाच्या शब्दांवर एवढे गोड का?

कधी कधी सांगतं, अगदी स्पष्ट. जर्मन संगीतकार बाखच्या 'माग्निफिकात'मध्ये, म्हणजे मरियेच्या स्तुतिगीतात, 'श्रीमंतांना त्याने रिकाम्या हातांनी पाठवलं' या ओळीच्या शेवटी बासऱ्या आपला शेवटचा सूर वाजवतच नाहीत. हात खरोखर रिकामे. त्याच्याच मत्तयकृत दुःखभोगात येशू बोलतो तेव्हा त्याच्या आवाजाभोवती तंतुवाद्यांचं वलय असतं. 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' या ओळीला ते वलय नाहीसं होतं. देवाने सोडलं, हे वाद्यांनी सोडून दाखवलं. ती ओळ येशू आरामीत उच्चारतो, पण ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे, आणि ते स्तोत्र शेवटाकडे स्तुतीत जातं. ती आशा त्या क्षणी ऐकवायची की नाही? बाखने नाही म्हटलं.

आपल्या मोतेतांत अशी चित्रं कमी. त्यांत दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने हातात हात घालून चालतात, मांडो या गोव्याच्या कोंकणी गाण्यांसारखे, आणि त्या काळच्या इटालियन ऑपेराची ओढही जाणवते. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये इगर्जीतल्या नाटकी संगीतावर कडक आदेश काढला होता. त्या मापाने आपले कित्येक मोतेत नापास झाले असते. मला मात्र हा गोडवा दोष वाटत नाही. गावातली बाई मयतावर रडते तेव्हा तिच्या रडण्यालाही चाल असते. फक्त एवढंच: चाल गोड आहे म्हणून शब्दही सौम्य आहेत असं धरून चालू नका.

८. 'हालेलुया कोरस' ख्रिसमसचा ना?

नाताळात सगळीकडे वाजतो खरा. पण 'मसाया'मध्ये तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, दुःखभोग आणि पुनरुत्थानानंतर. शब्द प्रकटीकरणाच्या ११ व्या आणि १९ व्या अध्यायांतले आहेत, आणि ते बाळाबद्दल नसून जगावर आलेल्या राज्याबद्दल आहेत. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला, तोही करेज्मातच. हा कोरस लागला की श्रोत्यांनी उभं राहायची प्रथा आहे; उभं राहायचं की नाही ते तुमच्यावर.

९. ओळ मराठी बायबलात सापडतच नाही. मी चुकीचं शोधतोय का?

क्रमांक तपासला असेल (प्रश्न ३), तर तीन शक्यता उरतात.

पहिली, ती ओळ बायबलची नाहीच. 'स्ताबात मातेर' ही मध्ययुगीन कविता आहे, योहानाच्या एका वचनावर उभी राहिलेली. 'तांतुम एर्गो' थॉमस अक्वायनसची. 'आवे मारिया'चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातून येतो, 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हा दुसरा अर्धा नंतर जोडलेला.

दुसरी, ती अशा पुस्तकातली आहे जे कॅथलिक बायबलात असतं, पण तुमच्याकडच्या प्रॉटेस्टंट आवृत्तीत नसतं. 'युस्तोरुम आनिमे', 'नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत', हे शलमोनाच्या ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातलं. 'रेक्विएम एतेर्नाम'ची गंमत आणखी पुढची: त्याची शब्दकळा एज्राच्या नावावरच्या ज्या ग्रंथाकडे जाते, तो कॅथलिक बायबलातही अधिकृत नाही. जगात सगळ्यात जास्त मयतांवर गायलेले शब्द, आणि घर नाही.

तिसरी शक्यता फसवी आहे: ओळ बायबलची, पण दुसऱ्या पुस्तकातली. विलापगीताचा प्रत्येक पाठ 'यरुशलेम, यरुशलेम, आपल्या परमेश्वर देवाकडे परत फिर' असा संपतो. विलापगीतात हे कुठेच नाही. होशेयच्या १४ व्या अध्यायातली हाक घेऊन 'इस्राएल'च्या जागी 'यरुशलेम' घातलंय. ज्या पुस्तकात सांत्वन करणारा कुणी नाही, त्याच्या प्रत्येक तुकड्याला परतीचं दार लावून दिलं.

१०. 'ग्लोरिया' या स्तुतिगीतात शांती कुणाला? सगळ्यांना की फक्त सदिच्छा असलेल्यांना?

ग्रीक शब्दाच्या शेवटच्या एका अक्षरावर हे ठरतं. लूक २:१४ च्या काही हस्तलिखितांत 'एव्दोकिया' आहे: माणसांबद्दल सदिच्छा. जुन्या इंग्रजी बायबलने आणि म्हणून हँडलने हे घेतलं. इतर, अधिक जुन्या हस्तलिखितांत 'एव्दोकियास' आहे. त्यावरून लॅटिन 'सदिच्छेच्या माणसांना शांती'. पण ही सदिच्छा माणसाची की देवाची? आजची बहुतेक भाषांतरं देवाची मानतात: ज्यांच्यावर त्याची मर्जी आहे ते. म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून शांती नव्हे.

११. सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पालेस्त्रिना याच्या 'सिकुत चेर्वुस'चे शब्द लॅटिन बायबलशी जुळत नाहीत. का?

शाबास, हे लक्षात आलं म्हणजे तुम्ही खरंच पडताळलंत. प्रमाण लॅटिन स्तोत्र 'क्वेमाद्मोदुम' या शब्दाने सुरू होतं. गायची परंपरा त्याहून जुन्या भाषांतराची आहे, आणि लोकांच्या तोंडात बसलेलं कुणी बदललं नाही. छापील पाठ वेगळा आणि भजनात म्हणतात तो वेगळा, हे आपल्याकडेही चालतंच. अर्थ तोच, स्तोत्र ४२: हरिण पाण्यासाठी लुलपतं तसा जीव देवासाठी. ईस्टरच्या आदल्या रात्री, बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे जाताना हे गायचं. म्हणून यातली तहान शांत आहे; पाणी समोरच आहे.

१२. 'एक्के विर्गो', 'पाहा, कुमारी गर्भवती होईल'. मूळ हिब्रूत 'कुमारी' नाही म्हणतात, खरं का?

यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द 'अल्मा' आहे: तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरकारांनी 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, केलं. मत्तयाने ग्रीकवरून घेतलं, लॅटिनने तेच. यशयाच्या प्रसंगात हे आहाज राजाला त्याच्या काळातल्या युद्धाच्या धास्तीत दिलेलं चिन्ह आहे, आणि यहुदी वाचक ते तसंच वाचतात. गाण्याचा अर्थ मात्र मत्तयाच्या वाचनावर उभा आहे. दोन्ही वाचनं माहीत असावीत, एकाने दुसऱ्याला खोडायला जाऊ नये. कारण प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

१३. 'साबाओथ', 'होसान्ना' यांचं भाषांतर का केलं नाही?

ते हिब्रूतले शब्द उपासनेत तसेच राहिले. 'साबाओथ' म्हणजे सैन्यं. शब्बाथाशी त्याचा संबंध नाही, ही चूक फार जण करतात. 'होसान्ना' मुळात 'वाचव ना!' अशी आरोळी आहे, स्तोत्र ११८ मधली. पुढे तिचा जयजयकार झाला. झावळ्यांच्या रविवारी गाताना ती जुनी आरोळी आठवा, चाल वेगळीच लागेल.

१४. हे सगळं मराठीत किंवा कोंकणीत का गात नाहीत?

गातात की. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, गोव्यात मीस, म्हणजे इगर्जीतली मुख्य उपासना, कोंकणीत होते. आणि मराठीचं म्हणाल तर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वित पाद्र्याने दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहून बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं ते क्रिस्तपुराण इगर्जींतून वाचलं-गायलं जाई. बायबलचा अर्थ मराठी ओवीत गाऊन सांगणं गोव्याला चारशे वर्षं ठाऊक आहे.

पण लॅटिन रचनेवर मराठी शब्द चिकटवले की काही गोष्टी गळतात. 'तू एस पेत्रुस' घ्या: 'तू पेत्र आहेस, आणि या खडकावर...' लॅटिनमध्ये पेत्रुस आणि पेत्रा, नाव आणि खडक एकच. मराठीत तो श्लेष मेला, तळटीप द्यावी लागते. आणि तळटीप गाता येत नाही. म्हणून लॅटिन गावं आणि आधी मराठीत दोन मिनिटं बोलावं, असं माझं मत.

१५. मी ख्रिस्ती नाही. हे शब्द गाताना खोटं बोलल्यासारखं होतं का?

स्तोत्रांत नाही, निदान मला. तिथला 'मी' आधीच इतक्यांनी वापरला आहे की आणखी एक घसा त्यात मावतो. 'क्रेदो'चं तसं नाही. ते बायबलचं वचन नाही, ती कबुली आहे: 'मी मानतो.' तिथे प्रत्येकाने आपलं ठरवावं. आमच्या वृंदात म्हार्दोळकडची एक सोप्रानो आहे. 'क्रेदो' आलं की ती ओठ मिटून पान धरून उभी राहते. मेस्ताला माहीत आहे, तो तिकडे बघत नाही. 'मिसेरेरे'च्या तालमीला मात्र ती सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावते.